ओल्या फिल्मची बाजू

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बोग्ना तारचिन्स्का हँगरमधल्या शिडीवर चढली आणि विजेत्यांच्या फळ्यावरची १९७९ ची ओळ पांढऱ्या चिकटपट्टीनं झाकून टाकली. ग्लायडरचा पंख धडाला जोडला की मधली फट बुजवायला वापरतात, तीच चिकटपट्टी. आयुष्यभर हेच काम केलेलं असल्यामुळे तिनं ती एका दमात, एकही सुरकुती न पाडता लावली. पट्टीखाली गेलेलं नाव ग्रात्सियान वोल्नी. वरच्या आणि खालच्या ओळींना तिनं हात लावला नाही.

झेलनित्साच्या ग्लायडर क्लबला त्या दिवशी पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. एक वाजता जेवण होतं. त्याआधी जुने पंच झेनोबिउश क्रूल यांचा सत्कार. नव्वदीच्या या गृहस्थांनी वीस वर्षं क्लबच्या प्रत्येक स्पर्धेत वैमानिकांच्या फिल्मा तपासल्या होत्या.

शिडीवरून उतरायच्या आत ग्रात्सियान येऊन खाली उभा राहिला. हाच तो झाकलेला विजेता. गेली अकरा वर्षं क्लबचा अध्यक्षही तोच.

"खाली ये," तो म्हणाला. "एकाहत्तर वर्षांच्या बाईला शिडीवर बघितलं की माझं रक्तदाब मोजायचं यंत्र घरीच वाजायला लागतं."

"तुझा रक्तदाब एकोणऐंशीपासून माझ्या नावावर आहे. त्यात आज नवीन काय?"

"बोग्ना, पाहुणे येतायत."

"येऊ देत. कुणी विचारलं तर सांग, निकाल तात्पुरता आहे म्हणून झाकलाय."

"चव्वेचाळीस वर्षांनी तात्पुरता?"

"तक्रार वेळेत दिली होती. सुनावणी झाली नाही. सुनावणी होत नाही तोवर निकाल तात्पुरताच असतो. नियम मी केलेला नाही."

हे बोलणं तिनं इतक्या वेळा केलं होतं की ग्रात्सियाननं तिच्याबरोबर ओठ हलवले. मग त्यानं शिडी धरली आणि ती उतरली. ते दोघे पन्नास वर्षं एकाच धावपट्टीवरून उडत आलेले होते. एकमेकांची ग्लायडरं शेतांतून सोडवून आणण्यासाठी दोघांनी अर्धा पोलंड पालथा घातला होता. बोग्नाच्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत ग्रात्सियान होता. भांडण फक्त एका ओळीचं होतं.

त्या दिवसाचे आकडे बोग्नाला पाठ होते. चारशे बारा किलोमीटरचा त्रिकोण, स्पर्धेचा शेवटचा दिवस. ग्रात्सियान बारा वाजून पाच मिनिटांनी निघाला आणि चार एक्केचाळीसला परतला. बोग्ना मुद्दाम थांबली. आकाशात कापसासारखे ढग नीट बांधले जाईपर्यंत तिनं वाट पाहिली आणि सगळ्यांत शेवटी, बारा सत्तेचाळीसला सुरुवात केली. दुसऱ्या वळणाआधी ती सहाशे मीटरवर आली होती. खाली ओट कापलेली शेतं, उतरायला जागा भरपूर, म्हणजे मोह भरपूर. तेवढ्यात कालव्याच्या कडेला चार करकोचे पंख न हलवता गोल फिरत वर चढताना दिसले. तापलेली हवा कुठून वर जाते ते करकोच्याला माणसाहून आधी कळतं. ती त्यांच्यात घुसली, चौदाशे मीटरपर्यंत चढली आणि पाच वाजून बारा मिनिटांनी घरी उतरली. चार तास पंचवीस मिनिटं. ग्रात्सियानपेक्षा अकरा मिनिटं कमी. तेवढ्यानं स्पर्धा तिची होत होती.

तेव्हा वळणावर जाऊन आल्याचा पुरावा म्हणजे फोटो. कॅमेरा काचेच्या डाव्या बाजूला पक्का बसवलेला असे. डावा पंख खाली झुकवायचा आणि बटण दाबायचं. दुसरं वळण ओसेक गावी, कालव्याचं पाणी अडवणाऱ्या जलदरवाजावर होतं. दरवाजा आणि चर्चचा मनोरा दोन्ही फोटोत हवेत, आणि मनोरा दरवाजाच्या डावीकडे दिसला पाहिजे. डावीकडे म्हणजे वैमानिक वळसा घालून आला. उजवीकडे म्हणजे अलीकडूनच कोपरा कापून पळाला.

झेनोबिउश साहेबांनी तिच्या फोटोत मनोरा उजवीकडे पाहिला. तिचं उड्डाण पहिल्या वळणापर्यंतच मोजलं गेलं. पहिलं वळण रेल्वेच्या सरळ पुलाचं होतं, आणि तो पूल दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. ती सातवी आली.

"फिल्म उलटी ठेवली असेल," ती त्यांना म्हणाली होती.

"बाई, तुम्ही उडायला लागायच्या आधीपासून मी फिल्मा बघतोय," असं उत्तर मिळालं होतं.

तिनं लेखी तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, सुनावणीच्या समितीतले डॉक्टर बाळंतपणासाठी निघून गेले, बँड वाजला, चषक दिला गेला. तीन आठवड्यांनी प्रत्येकाची फिल्म टपालानं परत आली. बोग्नानं आपली खिडकीशी धरली. फिल्मच्या कडेला कारखान्यात छापलेले बारीक आकडे असतात. आकडे सुलट वाचता येतील अशी धरली की मनोरा डावीकडे दिसत होता. उलटवली की आकडे उलटे आणि मनोरा उजवीकडे. तिनं देशाच्या ग्लायडर महासंघाला पत्र लिहिलं. उत्तर आलं: स्पर्धा संपली आहे. पुढच्या वर्षी तिनं तेच पत्र पुन्हा लिहिलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. मधल्या काळात सरकार बदललं, महासंघाचा पत्ता तीनदा बदलला, पत्राचा मजकूर बदलला नाही.

पावणेबाराला क्लबची सचिव यागना झेनोबिउश साहेबांना गाडीतून घेऊन आली. यागना चौतीस वर्षांची. तिच्या पिढीच्या ग्लायडरमध्ये उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र असतं आणि वळणाबद्दल वाद होत नाहीत. साहेब काठी टेकत स्वतः उतरले. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे नजर वैमानिकाची. फळ्याकडे त्यांचं लक्ष लगेच गेलं.

"चिकटपट्टी छान लावलीय," ते बोग्नाला म्हणाले. "बाई, तुम्ही चव्वेचाळीस वर्षं मला शिव्या घालताय असं ऐकतो."

"शिव्या नाही साहेब. पत्रं."

"ती महासंघ मला पाठवायचा. वाचलीत सगळी. शिव्या बऱ्या असत्या, निदान वेगवेगळ्या तरी असत्या."

"मला फार काही नको. ही फिल्म बघा आणि जे दिसेल ते एका ओळीत लिहून सही करा."

ग्रात्सियान पुढे झाला. "आधी सत्कार होऊ दे. साहेबांना बसू दे. यागना, सूप आण जरा."

"मला सूप नको," साहेब म्हणाले. "भिंग आण. आणि उजेडाची पेटी आहे का अजून?"

जुन्या अंधारखोलीत आता रंगाचे डबे ठेवतात. यागनानं त्यांच्या मागून लाकडी पेटी ओढून काढली; वर दुधी काच, आत दिवा. दिवा लागला नाही. तिनं मोबाइलचा दिवा चालू करून आत ठेवला. हँगरच्या दारापाशी, ओळीनं उभ्या असलेल्या पांढऱ्या ग्लायडरांच्या शेपट्यांमध्ये, एका टेबलावर पेटी ठेवली गेली. सात-आठ जुने वैमानिक हातात खसखशीच्या केकचे तुकडे घेऊन जमले. त्यांना वाटलं सत्काराचाच भाग आहे.

बोग्नानं पाकिटातून फिल्म काढली आणि कडेला धरून साहेबांच्या हातात दिली. "त्या दिवशी ठेवली होतीत तशी ठेवा."

"त्या दिवशीचं मला आठवत नाही. खोटं सांगणार नाही." त्यांनी क्षणभर विचार केला. "तुम्ही शेवटच्या उतरला होतात?"

"शेवटची. पाच बाराला."

"म्हणजे फिल्म ओली असणार. संध्याकाळी सातला निकाल लावायचा असे, वाळायला वेळ कुठला. ओली फिल्म कशी ठेवायचो ते सांगतो."

त्यांनी ती काचेवर ठेवली. चकचकीत बाजू खाली, मंद बाजू वर. मग ते भिंग घेऊन वाकले.

यागना त्यांच्या खांद्यावरून बघत होती. तिनं आयुष्यात फिल्म हाताळली नव्हती. "कडेचे आकडे असे उलटे का दिसतायत?" तिनं विचारलं.

साहेब भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "रसायनाचा थर वर हवा. वाळलेल्या फिल्मचा खाली चालतो, पण ओला असताना तो खाली ठेवला की काचेला चिकटतो, ओरखडा पडतो. वीस वर्षांत मी एकाही वैमानिकाची फिल्म खराब केली नाही. एकाही नाही."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. वाक्य संपल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं, फिल्म उचलली, उलटवली, पुन्हा ठेवली आणि पुन्हा वाकले. या वेळी फार वेळ लागला.

"मनोरा डावीकडे आहे," ते म्हणाले.

"लिहा," बोग्ना म्हणाली.

"थांबा जरा बाई. नव्वदीच्या माणसाला खुर्ची द्या, मग कागद द्या."

खुर्ची आली. तेवढ्यात ग्रात्सियाननं बोग्नाचा दंड धरून तिला हँगरबाहेर आणलं. वाऱ्याची दिशा दाखवणारा पट्ट्यापट्ट्यांचा कापडी मोजा खांबावर लोंबकळत होता. वारा नव्हता.

"तो फळा मी आत्ता वाचला," ग्रात्सियान म्हणाला. "वरपासून खालपर्यंत. तू वाचलास?"

"मी एकच ओळ वाचते."

"मग ऐक. ते म्हणाले, ओली फिल्म. तुझी फिल्म म्हणाले नाहीत. दर दिवशी शेवटी उतरणाऱ्याची फिल्म ओली असणार, वीस वर्षं. आणि शेवटी कोण उतरतं? जो थांबण्याचं धाडस करतो तो. चांगलाच असतो तो बहुतेक."

बोग्नानं खांबावरच्या मोज्याकडे पाहिलं.

"चौऱ्याऐंशी," ग्रात्सियान म्हणाला. "सेवेरिन."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे? चौऱ्याऐंशीचं विजेतेपद तुझं आहे. सेवेरिनचा फोटो बाद झाला म्हणून. तोही त्या दिवशी शेवटचा उतरला होता."

"मी तिथेच होते, ग्रात्सियान. मला सांगू नकोस."

त्यानं आवाज खाली आणला. "मी काय म्हणतो ते नीट ऐक. एकोणऐंशीची ओळ तुझी. मी स्वतः शिडीवर चढून माझं नाव खरवडतो, आज, जेवणाआधी, सगळ्यांसमोर. भाषणही करतो. फक्त साहेबांनी तुझ्या फिल्मबद्दल लिहायचं, बाकी नाही. नाही तर उद्यापासून अख्खा देश माळ्यावरच्या पेट्या उघडेल. अर्ध्या लोकांनी फिल्मा फेकून दिल्यात, त्यांनी काय करायचं? आणि तुझ्या हातात काय राहील? एक ओळ येईल, एक जाईल."

"हिशेब बरोबर आहे."

"मग?"

प्रस्ताव वाईट नव्हता. तिला हवं होतं ते सगळं त्यात होतं, आणि देणारा मनापासून देत होता. पण बोग्नाला चौऱ्याऐंशीची भोजनखोली आठवत होती. सेवेरिन माय, उत्तरेकडच्या क्लबचा, उंच, उन्हानं नाक सोललेला, ताट तसंच ठेवून तिच्या टेबलाशी आला होता. तो म्हणाला होता, मनोरा डावीकडे होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. तुमचंही असंच काहीतरी झालं होतं ना? आणि ती म्हणाली होती, लेखी तक्रार द्या. एवढंच. कडेचे आकडे बघा, असं ती म्हणाली नव्हती. पाच वर्षं तिला ते आकडे माहीत होते. तिनं बटाट्याचा तुकडा काट्याला लावला आणि खाल्ला. दुसऱ्या दिवशी चषक घेतला. सेवेरिननं तक्रार दिलीच नाही. देऊन काय होतं ते त्यानं तिच्याच बाबतीत पाहिलं होतं.

नंतर ती दरवर्षी पत्र लिहीत राहिली तेव्हा लोकांना तिची चिकाटी दिसली. तिला स्वतःला दरवर्षी तो बटाटाही दिसत असे.

"मला खैरात नको," ती म्हणाली.

"खैरात कसली? तुझंच आहे."

"माझं आहे ते नियमानं हवं. आणि नियम लावायचा तर सगळ्यांना लागेल. मलाही."

"तू जन्मापासून अशीच आहेस का गं?"

"आई म्हणायची, आधी बरी होते."

ती आत गेली. साहेबांसमोर कागद होता, पेन उघडलेलं होतं आणि एक ओळ लिहून झाली होती. अक्षर अजून सरळ होतं. १९७९, स्पर्धक क्रमांक सतरा, दुसरे वळण, मनोरा जलदरवाजाच्या डावीकडे, फोटो वैध. खाली सही.

"झालं तुमच्या मनासारखं," साहेब म्हणाले.

"अजून एक ओळ राहिली. ओल्या फिल्मा नेहमी कशा ठेवत होतात ते लिहा. कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, तेही."

साहेबांनी वर पाहिलं. नव्वद वर्षांच्या माणसाची नजर चुकवायची नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ती चुकवली नाही.

"बाई, ती ओळ माझी वीस वर्षं खाऊन टाकील."

"हो."

"आणि तुमचं एक वर्षही. चौऱ्याऐंशीत मीच होतो टेबलावर."

"माहीत आहे. लिहा."

"तुम्हाला कुणी सांगितलंय का असं करायला?"

"मला कुणी काही सांगितलं की मी करत नाही, हे इथे कुणालाही विचारा."

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. साहेबांनी बराच वेळ पेन कागदापासून बोटभर वर धरून ठेवलं. मग लिहिलं. एक ओळ पुरली नाही, तीन लागल्या. १९७१ ते १९९१. सही करून झाल्यावर त्यांनी कागद यागनाकडे सरकवला आणि विचारलं, "आता सत्कार करणार आहात की गाडी काढणार?"

"करणार," ग्रात्सियान म्हणाला. तो दारात उभा होता. "शाल आणलीय, फुलं आणलीत. वीस वर्षं कुणाच्या फिल्मला ओरखडा पडला नाही, हे खरंच आहे."

साहेब हसले नाहीत, पण शाल त्यांनी घेतली.

जेवणाच्या टेबलावर बोग्नाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या काही वेळ रिकाम्या राहिल्या. आंबट सूप वाढलं गेलं. समोरच्या रांगेतून एकानं विचारलं, "बोग्ना, हे जेवण तरी अंतिम आहे, की तात्पुरतं?"

"तक्रारीची मुदत गोड येईपर्यंत आहे," ती म्हणाली. "सुपात मीठ कमी आहे, तेव्हा विचार करून खा."

दुसऱ्या एकानं, जो १९८८ चा विजेता होता, तिच्याकडे बघितलंही नाही. त्याच्या वर्षी कोण शेवटचं उतरलं होतं, हे तो शेजाऱ्याला हळूच विचारत होता. मग ग्रात्सियान आपलं ताट घेऊन आला आणि तिच्या उजवीकडच्या खुर्चीत बसला. दोघं जेवले. फळ्याबद्दल कुणी बोललं नाही. त्यानं तिच्या ताटलीतला लोणच्याचा तुकडा न विचारता उचलला, पन्नास वर्षं उचलत आला तसा.

तीन वाजता तिनं सेवेरिनच्या क्लबला फोन लावला. सेवेरिन सहा वर्षांपूर्वी गेला होता. तिथून त्याच्या मुलीचा नंबर मिळाला. तिचं नाव कालिना, ती प्राण्यांची डॉक्टर होती आणि मागून कुत्री भुंकत होती.

"माझं नाव बोग्ना तारचिन्स्का. तुमच्या वडिलांबरोबर मी चौऱ्याऐंशीच्या स्पर्धेत होते."

"मला माहीत आहे तुम्ही कोण," कालिना म्हणाली. "बाबा तुमचं नाव घ्यायचे. चांगलंच घ्यायचे, घाबरू नका. म्हणायचे, त्या बाईनं निदान तक्रार तरी दिली."

बोग्नानं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि आकड्यांचं सांगितलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, तेही सांगितलं. पलीकडे कुत्री भुंकत राहिली.

"का नाही सांगितलंत?" कालिनानं विचारलं.

"मला जिंकायचं होतं."

"बरं," कालिना म्हणाली. "तळघरात त्यांचं सामान आहे. आईनं काही टाकू दिलं नाही. बघते."

सोमवारी सकाळी साहेबांच्या कागदाची प्रत, बोग्नाच्या फिल्मचा मोठा केलेला फोटो आणि दोन अर्ज महासंघाच्या कचेरीत पोचले. पहिला अर्ज १९७९ ची तक्रार सुनावणीला घ्यावी असा. दुसरा, १९८४ चा निकाल, ज्यात अर्जदार स्वतः विजेती आहे, पुन्हा तपासावा असा. दोन्हींवर पोच मिळाली, दोन्हींना वेगवेगळे क्रमांक मिळाले. कचेरीतल्या माणसानं यागनाला फोन करून विचारलं की दुसऱ्या अर्जात काही चूक तर झाली नाही ना. यागना म्हणाली की बोग्ना मावशी अर्जात चुका करत नाहीत.

बुधवारी कालिनाचा फोन आला. तळघरात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला होता. त्यात फिल्मचे एकोणीस तुकडे, गुंडाळलेले, एकावरही वर्ष लिहिलेलं नाही. बोग्नानं तिला सांगितलं की प्रत्येक फिल्मच्या पहिल्या चौकटीत तारखेच्या फलकाचा फोटो असतो, तो बघावा. आकडे सुलट येतील असं धरावं, आणि कडेलाच हात लावावा.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत कालिनानं सात तुकडे खिडकीशी धरून पाहिले होते. त्यांत चौऱ्याऐंशी सालचा नव्हता. बारा राहिले होते.